बंदुकीचं गाऱ्हाणं

दसऱ्याच्या सकाळी बंदूक अजून देवासमोरच होती. आदल्या दिवशी खंडेनवमीला कोयते, विळे, पंपाचा पाना आणि मितेशच्या मोटरसायकलची किल्ली यांच्या रांगेत तिचीही पूजा झाली होती. दुनळीवर घातलेली झेंडूची माळ अजून टवटवीत होती. मितेशने तिच्या शेजारी काडतुसांची कोरी पेटी आणून ठेवली आणि परीक्षेत पहिला आल्यासारखं काकीकडे पाहिलं.

"काकी, शिसा नको म्हणालंस ना? ह्या बघ. पोलादी छरे. इखारी नाय, काय नाय."

आनंदीने पेटीला हात लावला नाही. तिने ओले हात पदराला पुसले आणि ही कुठून आणलीस म्हणून विचारलं. दोडामार्गात मितेशचा एक परवानेवाला दोस्त होता, त्याच्याकडून. म्हणजे परवाना आनंदीच्या नावाचा आणि काडतुसं भलत्याच माणसाची. संध्याकाळी बार काढताना तळीवर हवालदार उभा असणार होता, तो हे बघून काय ओवाळणार होता का, असं तिने विचारलं तेव्हा पोराचा चेहरा जरा उतरला. पोर म्हणायचं ते आपलं काकीने. मितेश चौतिशीचा होता, दोडामार्गात बिऱ्हाड करून रोज गोव्यातल्या कारखान्यात लेथवर कामाला जात होता.

ओसरीवरून बाळाभावजींचा आवाज आला, "तेणा हौसेन आणल्यान, तर तेचीच झडती घे तू."

बाळा म्हणजे मितेशचा बाप, आनंदीच्या नवऱ्याचा, सत्यवानाचा, थोरला भाऊ. मुंबईच्या गोदीत अडतीस वर्षं काढून तो गावी परतला तोवर घरातल्या सगळ्या गोष्टी धाकट्याच्या हातात गेल्या होत्या. शेत सत्यवान करायचा, काजू सत्यवान विकायचा आणि शेतीसंरक्षणाची बंदूकही वडिलांनी सत्यवानाच्याच नावावर करून दिली होती. बाळाने ते कधी बोलून दाखवलं नाही. पण भाऊ गेल्यावर परवाना भावजयीच्या नावावर झाला, आणि ते मात्र त्याच्या घशाखाली उतरेना.

साधी वानरं हाकलायची बंदूक असती तर एवढा जीव कोणी टाकला नसता. पण त्यांच्या घराला, वरच्या घराला, या बंदुकीने मान मिळवून दिला होता. दसऱ्याला रवळनाथाची पालखी तळीवर येते, वरच्या घरचा माणूस काठावर उभा राहून देवाला गाऱ्हाणं घालतो आणि पाण्यावर एक बार काढतो. छरे पडून पाणी फुटलं की मगच गावात भाताला विळा लागतो. नुसता आवाज चालत नाही, पाणी फुटलेलं सगळ्यांना दिसावं लागतं. चार पिढ्या हे चाललं होतं. गेल्या वर्षी सत्यवानाचं वर्षश्राद्ध व्हायचं होतं म्हणून बार झाला नाही. सलग दोन वर्षं चुकला की मान दुसऱ्या घराकडे जातो, आणि खालच्या घरचे लोक आतापासूनच मिशीत हसत होते.

बाळाने आपला बेत रात्रीच ठरवून ठेवला असावा, कारण तो आता सगळा एका दमात बोलला. आनंदीला शिसं नको, ठीक. मितेशने बिनशिशाचं आणलंय. तर बार मितेश काढेल, आनंदीने नुसतं बाजूला उभं राहायचं. हवालदाराला तो सांभाळेल. पुढे सावकाश परवानाही मितेशच्या नावे करून घेता येईल. बाईमाणसाने कशाला ही दगदग अंगावर घ्यायची?

"मितेशान ह्या काडतूस घालून बार काढलो," आनंदी म्हणाली, "तर मितेशाची बोटां आमका तळीत शोधूची लागतली."

चुलीजवळून तन्वी बाहेर आली. तन्वी आनंदीची मुलगी, गुरांची डॉक्टर, दोन दिवसांच्या रजेवर आलेली. तिला आईचा हा स्वर ओळखीचा होता आणि तो लागला की मध्ये पडण्यात अर्थ नसतो हेही ठाऊक होतं.

बाळा हसला. "आयकलास? शिसा दिला तर इखारी. पोलाद दिला तर बोटां तुटतत. म्हणजे बंदूक हिच्या हातातसून सुटूक नको, येवढाच काय ता."

आनंदीला राग आला तो खरा. तीस वर्षं ती ही बंदूक पुसत आली होती. सत्यवानाने बार काढायचा, माणसांनी त्याची पाठ थोपटायची आणि रात्री नळीतली काजळी काढत बसायचं ते आनंदीने. बंदुकीच्या अंगावरचा एकेक ओरखडा तिला पाठ होता. तिने माळ उतरवून बाजूला ठेवली, बंदूक बिजागरीवर मोडून दोन्ही नळ्या रिकाम्या असल्याची खात्री केली, मग नळ्या दस्त्यापासून सोडवून उलट्या केल्या आणि मितेशच्या पुढ्यात धरल्या.

"तू मिलिमीटरात काम करतंस मां? हयसर काय ठोकलला आसा ता वाच."

मितेशने मोबाइलचा दिवा लावला. नळीच्या बुडाखाली बेल्जियमच्या कारखान्याचे ठसे होते, आणि त्यांच्यात एक आकडा. "पासष्ट," तो म्हणाला.

"आणि तुझ्या पेटयेर?"

"सत्तर." मग त्याने एक काडतूस काढून रिकाम्या नळीत सरकवून पाहिलं. ते आरामात आत बसलं. "पण जाता की गो काकी आत."

"जाता. थंयच माणूस फसता." आनंदीने काडतूस बाहेर काढलं आणि त्याचं मुडपून बंद केलेलं तोंड त्याला दाखवलं. "ह्या आता मुडपलला आसा, म्हणान आखूड. पेटला काय ह्या तोंड उघडतला आणि पुढे जातला. पुढे जागा खंय आसा? थंय नळी निमुळती. म्हणजे सगळो जोर मागे, तुझ्या तोंडार."

मितेश नळीत एका डोळ्याने पाहत राहिला. लेथवरच्या माणसाला जे दिसायचं ते दिसलं होतं.

आनंदीने मग बाकीचंही सांगितलं. आषाढात ती बंदूक घेऊन बेळगावच्या एका म्हाताऱ्या मिस्त्रीकडे गेली होती. त्याने नळ्यांची जाडी मापली, तोंडं मापली. या नळ्या लोखंडाच्या पट्ट्या पिळून, जोडून केलेल्या, तेव्हाच्या पद्धतीच्या. त्यांच्यावर जी नागमोडी नक्षी दिसते ती शोभेची नाही, तो जोड आहे. तोंडाशी नळी आवळलेली. शिसं मऊ, ते आवळल्या जागेतून दबून निघतं. पोलाद दबत नाही, ते नळीलाच फुगवतं. शिवाय पाण्यावर पडलं की उसळतं, आणि तळीच्या बाजूला माणसं उभी असतात. डाव्या नळीत आतून खड्डे पडलेत, ती आता फक्त पूजेपुरती, असं मिस्त्री म्हणाला. उजवी चालेल. पण काडतूस आखूड, दारू बेताची आणि छरे मऊ पाहिजेत.

"आणि असले छरे गावतत खंय?" बाळाने विचारलं. त्याला उत्तर नको होतं.

आनंदी आत गेली आणि ट्रंकेतून एक लहान पेटी घेऊन आली. बिस्मथचे छरे, आखूड काडतुसं, दहा नग. तीन महिने दुकानदाराच्या मागे लागून, परवाना घेऊन स्वतः पुण्याला जाऊन तिने ती आणली होती. तन्वी म्हणाली, पोटदुखीच्या औषधात घालतात त्यातलाच धातू, शिशाइतका जड नाही पण जवळपास, आणि बदकाने गिळला तरी बदक मरत नाही. मितेशने पेटी फिरवून आकडा पाहिला आणि आपली पेटी मुकाट्याने पिशवीत टाकली.

"बाबा, काकी बरोबर बोलता," तो म्हणाला. "मी काय बार काढूचंय नाय."

बाळाने मुलाकडे असं पाहिलं, जणू त्याने भर बाजारात धोतर सोडलं होतं. पण गोदीत अडतीस वर्षं युनियन केलेला माणूस होता तो, एक दार बंद झालं की दुसरं त्याला लगेच दिसायचं. चहा मागवून, पानाचा डबा उघडून तो अगदी शांतपणे मूळ मुद्द्यावर आला. बदकाचं नाव निघालंच होतं.

बदकं लक्ष्मीची. तळीच्या कडेला तिचं घर, नवरा तरुणपणीच गेलेला, मूलबाळ नाही. ती बदकं पाळायची आणि दर वर्षी कार्तिकापासून तिची बदकं मान टाकून, हिरवं हगून मरायची. गावाने त्याचा अर्थ लावला. तळीचा राखणदार जो देवचार, त्याला आपल्या तळीत बदकं नको आहेत. मग दर वर्षी देवचाराला एक कोंबडा. तरी मरतात म्हणजे बाईतच काहीतरी आहे. तिची नजर वाईट. तिने स्वतःचीच बदकं खाल्ली, आधी नवरा खाल्ला. तिच्याकडची अंडी कोणी घेईना. पालखीपुढे तिचा नारळ कोणी फोडेना. लक्ष्मी दर पावसाळ्याआधी पुन्हा पिल्लं आणायची आणि पुन्हा तळीत सोडायची. गाव म्हणायचा, बघा, किती उद्दाम आहे.

जूनमध्ये तन्वीने त्यातलं एक मेलेलं बदक फाडून पाहिलं. पक्षी दाणे दळायला खडे गिळून ठेवतो, त्या पिशवीत अकरा छरे निघाले, झिजून गुळगुळीत झालेले. चार पिढ्यांचे बार तळीच्या चिखलात होते आणि बदकं ते खडे समजून वेचत होती.

तन्वीने ते अकरा छरे आईच्या हातावर ठेवले तेव्हा आनंदी दोन दिवस जेवली नव्हती. कारण गाव काय म्हणत होता ते एक, आणि तिने स्वतः काय केलं होतं ते दुसरं. सव्वीस वर्षांपूर्वी तन्वीच्या बारशाला लक्ष्मी डझनभर अंडी आणि एक टोपडं घेऊन आली होती. आनंदीने पाळण्यावर पदर धरला होता आणि तिला दारातूनच परत पाठवलं होतं. कोणी सांगितलं म्हणून नव्हे. आपल्या मनाने.

"छरे बदललंस, चांगला केलंस," बाळा म्हणाला. "तूच काढ बार. माझी काय ना नाय. पण येक आयक. बदकांचो शबूद भायर जाता नये. आज जर गावाक कळला की वरच्या घरान तळीत इख टाकल्यान, तर मान जाता तो जाता, वर आमच्या बापाशीक आणि आज्याक लोक शिवी घालतले. सत्यवानाक पण. तो आसा काय उत्तर देवक?"

शेवटचं वाक्य त्याने नेमकं मारलं. आनंदीने तन्वीकडे पाहिलं. तिला वाटलं मुलगी तरी काही बोलेल. तन्वी खाली बघत हळूच म्हणाली, "आई, काका म्हणतत ता... यापुढे शिसा नाय पडायचा, झाला ना? लोकांच्या तोंडाक कित्याक लागायचा? तुकाच फाडून खातले ते."

मघाशी मितेश बापाकडून काकीकडे आला आणि आता मुलगी आईकडून काकाकडे गेली. आनंदी हो म्हणाली नाही, नाही म्हणाली नाही. नळ्या दस्त्यावर चढवून ती स्वयंपाकघरात वडे तळायला गेली आणि बाळाने ते होकारात धरलं.

दुपारभर ती सत्यवानाशी भांडली. मनातल्या मनात, तेलात वडे सोडत. तू असतास तर काय केलं असतंस? तू भला माणूस होतास हे मला कोणी सांगायला नको. तुला माहीत नव्हतं, मलाही नव्हतं, म्हणून आपल्याला कोणी दोष देऊ नये, कबूल. पण जूनपासून मला माहीत आहे. जूनपासून रोज सकाळी ती बाई तळीवर दिसते आणि रोज मी मान वळवते. तुझं नाव राखायचं म्हणून तिचं नाव आणखी किती वर्षं मातीत ठेवू? एक वडा जळला. तिने तो काढून टाकला आणि तिला कळलं की आपलं ठरलं आहे.

ऊन कलायला लागलं तशी पालखी तळीवर आली. ढोल, ताशे, अब्दागिरी, आपट्याच्या पानांनी भरलेल्या टोपल्या. दोनेकशे माणूस असेल. हवालदाराने समोरचा चिऱ्यांचा बांध रिकामा करून घेतला, परवानगीचा कागद पुन्हा एकदा वाचला आणि आनंदीला ओळखत असूनही परवाना मागितला. खालच्या घरचे लोक पुढे येऊन उभे राहिले, चूक झाली तर आपल्यालाच आधी दिसावी म्हणून. लक्ष्मी गर्दीत नव्हती. ती आपल्या मागल्या पायरीवर उभी होती, नेहमीसारखी, पालखीपासून तीस पावलांवर, हातात नारळ घेऊन.

आनंदीने बंदूक मोडली, उजव्या नळीत एक काडतूस घातलं, डावी रिकामी ठेवली आणि बंदूक तशीच मोडलेली हातावर घेतली. गाऱ्हाणं झाल्याशिवाय मिटायची नाही. बंदुकीचं गाऱ्हाणं चार ओळींचं. सत्यवान ते दर वर्षी घालायचा आणि आनंदी मागे उभी राहून गावाबरोबर व्हय म्हणायची. गाऱ्हाण्याला गावाने व्हय म्हटलं नाही तर ते अर्धं राहतं, आणि अर्ध्या गाऱ्हाण्याला अख्खा गाव भितो. जिवंत माणसांच्या आठवणीत तसं कधी झालं नव्हतं.

"बा देवा रवळनाथा म्हाराजा," आनंदीने सुरुवात केली. बाईचा आवाज तळीवर गेला तेव्हा क्षणभर लोक चपापले. मग ढोलवाल्याने थाप दिली.

"व्हय म्हाराजा!"

"वरचा घर आज तुझा पाणी फोडूक उभा आसा, ती चाकरी मान्य करून घे म्हाराजा."

"व्हय म्हाराजा!"

"गुरांवासरांर, भातार, लेकरांर नदर ठेव म्हाराजा."

"व्हय म्हाराजा!"

चौथी ओळ भूल-चूक पोटात घालायची. सत्यवान ती घाईघाईने उरकायचा. आनंदी थांबली. बाळाभावजी तिच्या उजव्या हाताला उभे होते, त्यांचा श्वास तिला ऐकू येत होता.

"ह्या तुझ्या तळीत आमी चार पिढ्यो शिसा टाकला म्हाराजा."

"व्हय म्हाराजा!" सवयीने, मोठ्याने, ताशासकट.

"ता शिसा खावन लक्ष्मीची बदकां मेली म्हाराजा."

या वेळी आवाज अर्ध्यावर आला. पुढच्या रांगांनी माना वळवल्या. मागच्यांना नीट ऐकू गेलं नव्हतं, त्यांनी भरघोस व्हय म्हटलं, आणि मागे म्हणतायत म्हटल्यावर पुढच्यांनीही ओढलं. बाळाने तिचं कोपर धरलं. "आनंदी, पुरे," तो दातांतून म्हणाला. तिने कोपर सोडवून घेतलं. मोडलेली बंदूक हातावर घेऊन उभ्या असलेल्या बाईला ओढणार तरी किती?

"तिच्या नदरेन मेली नाय. देवचारान मारूक नाय. आमच्या बंदुकीन मारल्यान म्हाराजा."

व्हय आलं नाही. ढोल थांबला. खालच्या घरचे आनंदाने एकमेकांकडे बघत होते, पण तोंड उघडायचं धाडस त्यांनाही होईना. गाऱ्हाणं अर्धं होतं. पालखी खांद्यावर होती. सगळा गाव या बाईच्या हातात अडकून पडला होता आणि आनंदीला मुळीच घाई नव्हती. वाटलं तर अंधार पडेपर्यंत उभी राहीन, तिने मनाशी म्हटलं. मान गेला तर जाऊ दे खालच्या घरी.

"व्हय म्हाराजा," पहिला आवाज मितेशचा आला. एकट्याचा, खरबरीत. त्याच्या मागून तन्वीचा, रडवेला. मग पुजाऱ्याने व्हय म्हटलं, कारण देव त्याच्या जबाबदारीवर होता, आणि पुजारी म्हणाला म्हटल्यावर गावाने हंबरडा फोडल्यासारखं म्हटलं. बाळाचे ओठ हलले. तोही गावचा मानकरी होता, देवापुढे गप्प राहणं त्याच्या रक्तात नव्हतं.

"तिका माझ्या दारातसून मागे धाडलंय ती मी," आनंदी म्हणाली. "जा काय वाकडा-वायट झाला ता आमच्या माथ्यार घाल, तिच्या नको म्हाराजा."

"व्हय म्हाराजा!"

तिने बंदूक मिटली, दस्ता खांद्यात रोवला आणि चाप ओढला. आवाज डोंगराला जाऊन परत आला. तळीच्या मध्यावर पाणी थाळीएवढं, मग सुपाएवढं, मग अंगणाएवढं फुटलं. गाव ओरडला. आनंदीने बंदूक मोडून रिकामं काडतूस काढलं आणि दोन्ही नळ्यांतून आभाळ दिसतंय ना ते पाहिलं.

"घराचा नाव बुडवलंस," बाळा म्हणाला.

"घराचा नाव माझापण आसा, भावजी," ती म्हणाली. "मी बुडवतलंय नायतर काढतलंय."

लक्ष्मी पायरी उतरून येत होती. सोनं लुटायला सुटलेली माणसं तिच्या वाटेतून आपोआप बाजूला झाली. ती आनंदीसमोर येऊन थांबली. जवळून ती फार म्हातारी दिसत होती.

"सव्वीस वर्सां झाली," ती म्हणाली.

"व्हय."

"सगळ्यांनी व्हय म्हाराजा म्हटला. मी म्हणूक नाय. देवान तुका माफ केल्यान आसात, मी अजून करूक नाय."

आनंदीने खाली पाहिलं नाही. "नको करू," ती म्हणाली. "मी मागूक नाय."

लक्ष्मी तिला वळसा घालून पुढे गेली, सरळ पालखीकडे, आणि नारळ दोन्ही हातांनी वर धरून उभी राहिली. पुजाऱ्याने एकदा बाळाकडे पाहिलं. बाळाने तोंड फिरवलं. भोयांनी पालखी खांद्यावरून उतरवून लक्ष्मीच्या हाताला पोचेल इतकी खाली धरली.